तट्ट्यापलीकडची पहिली

इंझोरीच्या शाळेत पहिलीचे वर्ग दोन होते आणि खोली एक. मधोमध बांबूचा तट्टा उभा केला होता. तट्ट्याच्या या बाजूला दुर्गाबाई शिकवायच्या, त्या बाजूला विमल. तट्टा माणसाला अडवतो, आवाजाला अडवत नाही. इकडे पाढा सुरू झाला की तिकडची दोन-चार पोरं त्याच लयीत माना डोलवायची, आणि तिकडे हसू फुटलं की इकडच्या साऱ्या माना तट्ट्याकडे वळायच्या. हे दुसरं फार होऊ लागलं होतं.

दुर्गाबाईंची उभी नोकरी पहिलीवर गेली होती. गावात नांगर धरणारे, मानोऱ्याच्या बाजारात कापूस नेणारे, दूरच्या गावी नांदायला गेलेल्या लेकी, सगळ्यांनी पाटीवरची पहिली रेघ त्यांच्या हाताखाली ओढलेली. गाव त्यांना नावानं ओळखतच नसे. "पहिलीच्या बाई" म्हणे. पोटचं लेकरू नव्हतं, म्हणून हे नाव त्यांना जास्तच आपलं वाटायचं.

बाई नेमाच्या. पहाटे सडा, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, मग चूल. चातुर्मासात कांदा-वांगं वर्ज्य. आणि श्रावणातल्या सोमवारी मौन. आंघोळ झाली की तोंड मिटायचं ते दिवेलागणीला गाईला घास देऊनच उघडायचं. नेम करावा पण त्याचा बोभाटा करू नये, सांगितलेला नेम उणा होतो, असं त्यांच्या आईनं त्यांना सासरी पाठवताना बजावलं होतं. म्हणून बाई कोणाला काही सांगत नसत. गावाला माहीत होतं ते आपोआप.

श्रावणी सोमवारची शाळा सकाळची, अर्धीच. त्या दिवशी बाई वर्गात यायच्या, टेबलावर एखादी वस्तू ठेवायच्या. लिंबू, लोटा, ज्वारीचं कणीस, हाताला लागेल ते. मग खुर्चीत बसून मनातल्या मनात महादेवाचं नाव घ्यायच्या. पोरं आपसात भांडून त्या वस्तूचं नाव ठरवायची, एक जण फळ्यावर लिहायचा, दुसरा पुसायचा, फारच चुकलं की बाई मान हलवायच्या. घंटा व्हायची. बाईंना वाटे, आपल्या नेमापायी लेकरांचा एक दिवस बुडाला. त्याची भरपाई म्हणून मंगळवारी त्या दुप्पट बोलायच्या.

एरवीही बाईंचं बोलणं हळू, पण अखंड. पोरांना शब्दांची उणीव पडू नये, ही त्यांची समजूत. अक्षर दाखवायचं, सांगायचं, पुन्हा सांगायचं. पोर अडखळलं की त्याच्या जिभेवर यायच्या आत आपणच म्हणून द्यायचं. जेवताना लेकराचा हात आखडला की आई घास भरवते, तसं.

विमल आली ती दुष्काळात शाळेत पोरांना खायला सुकडी वाटत होते त्या साली. मालेगावची पोर. बाप पोस्टात, छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला. लेकीला अकोल्यात शिकवून मास्तरीण केलेली. गावाच्या बौद्ध वस्तीत खोली घेऊन ती आईसंगं राहायची. सुती पातळ, पण इस्त्रीचं. आवाज भरल्या घागरीसारखा, जड आणि मोकळा. सकाळी ती फाटकातून आत आली की पोरं तिची पिशवी धरायला धावायची, त्यात बाईंच्या वर्गातलीही दोन असायची. बाईंनी त्या दोघांची नावं पाठ केली होती. मत्सर करणाऱ्याची नजर फार बारीक असते. प्रेम करणाऱ्याचीही एवढी नसते.

पुढच्या साली शाळा उघडल्यावर माणिक आला. आता तो माणिकराव झाला होता, सोळा एकरांचा धनी. पण याच खोलीत बसून त्यानं नाक पुसत बाराखडी गिरवली होती. आपल्या पोराचा हात धरून तो दारात उभा राहिला.

"बाई, राग नोका मानू. त्या वर्गात जागा हाय का, ते इचाराले आलो."

"जागा इथंही हाय, माणिक."

"हाय ना जी. पण पोट्टं म्हणते, तथी हसतात."

"मी मारलं होतं काय रे तुले कधी?"

"नाही जी. तुमी तं आमच्या मायसारख्या." त्यानं पोराला पुढं ढकललं, आणि पोर सरळ तट्ट्याच्या पलीकडे गेलं.

मायसारख्या म्हटल्यावर पुढं बोलायला काही उरत नाही. बाईंनी हजेरीचं पान उलटलं.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी मधल्या सुटीत मुख्याध्यापक पुंजाजी गुरुजींनी दोघींना बोलावून घेतलं. गुरुजी सुपारी कातरत होते.

"पंचायत समितीच्या साहेबाचा निरोप हाय," ते म्हणाले. "तिसरीचे मास्तर बदलून गेले, त्यायच्या जागी कोणी येत नाही. तवा पहिलीचे दोन वर्ग एक करायचे. एकीनं पहिली घ्यायची, एकीनं तिसरी."

"पहिली माझीच हाय," बाई म्हणाल्या. त्यांना ते सांगण्यासारखंही वाटलं नव्हतं.

"मी बी तेच म्हटलं. पण साहेब नवे हायेत, टूम नवी हाय. म्हणते, दोघीजणींनी दोन-दोन पानं लिहा. आपण लेकरं काहून शिकवतो, कसं शिकवतो, त्याच्यामागं आपली समज काय. मी येईन, तुमच्या तोंडून ऐकीन, मग ठरवीन." गुरुजींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "माझी नोकरी सरत आली, पण काहून शिकवता हे मले कोणी इचारलं नाही. बरं झालं. नाहीतर सांगता आलं नसतं."

विमल हसली. बाईंना हसू आलं नाही. आपली पहिली कागदावर तोलली जाणार, आणि कागद लिहिण्यात ती पोर तरबेज, एवढंच त्यांना कळलं होतं.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पाट मांडीवर घेतला आणि फुलस्केप कागद त्यावर ठेवला. त्यांचे मालक उकंडराव ओसरीवर अंबाडीचं चऱ्हाट वळत बसले होते.

"काय लिवून राह्यली वं?"

"लेकरं काहून शिकवते, ते."

"पगार भेटते म्हणून."

"ते लिहता येत नाही."

"मग लिव, घरी कोणाले शिकवू म्हणून."

बोलून झाल्यावर त्यांनी चऱ्हाटाला उगाच एक जास्तीचा पीळ दिला. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण तेही लिहिता येण्यासारखं नव्हतं.

मग त्यांनी लिहिलं: 'शिक्षिकेने अखंड बोलत राहावे. मोट थांबली की पाट सुकतो, तसे शिक्षिका थांबली की वर्ग सुकतो. लहान मूल अडले तर त्याला अडलेले राहू देऊ नये. मी मुलाला एकटे पडू देत नाही, हीच माझी समज आहे.' लिहिताना बरं वाटलं. मग वाटलं, तिकडे वस्तीत कंदिलाच्या उजेडात तीही लिहीत असेल. तिची दोन पानं केव्हाच भरली असतील. तिच्याकडे अकोल्याच्या कॉलेजातले शब्द असतील. बाईंनी आपला कागद पुन्हा वाचला, आणि मघाशी चांगला वाटलेला पाट आणि मोट आता शेतकऱ्याच्या बायकोनं लिहिल्यासारखी दिसू लागली.

सोमवारचं काही लिहावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. तो दिवस देवाचा. आणि तसाही तो बुडीत दिवस.

पुढच्या गुरुवारी विमल मधल्या सुटीत तट्ट्याला वळसा घालून आली. हातात थर्मास होता. गावात थर्मास दोनच, एक डॉक्टरकडे, एक हिच्याकडे.

"घ्या ना बाई, घोटभर."

"उपास हाय."

"उपासाले चहा चालते."

"माझ्या उपासाले नाही चालत."

"परवा गुरुजीच्या किटलीतला घेतला तुमी."

"परवा उपास नव्हता."

विमलनं कप तसाच हातात धरला. आवाज चढवला नाही. "तुमचा उपास माझ्याच चहाले काहून असते, बाई?"

गुरुवारचा नेम खरा होता, त्या दिवशी त्या पाण्याशिवाय काही घेत नसत. पण नेमाच्या आडोशाला आणखी काहीतरी उभं होतं, आणि त्याला बाईंनी कधी पुढं बोलावून पाहिलं नव्हतं.

विमलनं तो चहा स्वतःच प्यायला, कप विसळून पालथा घातला आणि पिशवीतून कागद काढला.

"जाऊ द्या. मी लिहून आणलं. एकदा ऐका. शुद्धलेखन तुमचं पक्कं हाय." आणि ती वाचू लागली. "शिकवताना माझे सर्वांत मोठे काम गप्प बसणे हे आहे. मी एक वस्तू मुलांसमोर ठेवते आणि बोलत नाही. मुले आधी माझ्याकडे पाहतात. मी बोलत नाही म्हटल्यावर ती एकमेकांकडे पाहतात. ती एकमेकांकडे पाहू लागली की तिथून शिकणे सुरू होते."

बाईंचे कान तापले. टेबलावरचं लिंबू, लोटा, कणीस त्यांच्या डोळ्यापुढं उभं राहिलं.

"हे कुठून आणलं तू?"

"तुमच्याजवळून," विमल म्हणाली, जसं काही पेन्सिल मागून घेतली होती. "आल्या साली श्रावणात तट्ट्याच्या फटीतून पाह्यलं. सोमवारी तुमच्या इकडं गलका असे, अन् तो गलका अभ्यासाचा असे. आमच्या वर्गात मी घसा फोडून राह्यली होती, अन् इकडं तुमी नुसत्या बसल्या होत्या, अन् पोट्टे शिकून राह्यले होते. मग मी बी गप्प बसाले लागली. रोज नाही. थोडा वेळ."

"ती काही शिकवायची रीत नोय. ते मौन हाय माझं."

"माहीत हाय. म्हणून तं नाव नाही टाकलं, बिना इचारता. आता इचारते. खाली लिहू का, 'हे मी दुर्गाबाईंकडून शिकले' म्हणून?"

हो म्हणावं तर नेम कागदावर चढतो, साहेबाच्या टेबलावर जातो, चार जण चघळतात. नाही म्हणावं तर तो हिचा होतो. बाईंना आईचं बोलणं आठवलं.

"नोको. माझा नेम कागदावर नोको."

"पाहा बरं. मग हे माझंच समजतीन लोक."

"समजू दे."

विमलनं कागदाची घडी केली. ती तट्ट्यापलीकडे गेली आणि थोड्या वेळानं तिकडे गलका सुरू झाला. अभ्यासाचा. बाई या बाजूनं तो ऐकत बसल्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पोथी वाचताना डोळे ओळीवरून सरकत आणि मनात दुसराच कागद वाचला जाई. तुळशीला पाणी घालताना ओठावर देवाचं नाव असे आणि पोटात विमलचं. चोर पकडावा तर माल आपणच उचलून दिलेला. वर तिनं मागितलाही होता रीतसर, तोंडानं. चोरी तरी केली असती, म्हणजे रागावता आलं असतं. बाईंनी देवापुढं हात जोडले, पण काय मागावं ते उमजेना. पहिली दे म्हणावं, की तिला देऊ नको म्हणावं. या दोन गोष्टी एकच आहेत असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. देवाला अशी समजूत घालता येत नाही.

साहेब आले ते नेमके श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी. फटफटीवरून आले, चिखलानं पाटलोण भरलेली. साहेबाला सोमवार-मंगळवार सारखेच. गुरुजींच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले, दोघींना बोलावलं आणि म्हणाले, "हं. वाचा बाई, आधी तुम्ही. तुम्ही मोठ्या."

बाईंनी कागद पुढं केला. तोंड मिटलेलं.

"बाईचं मौन असते जी सोमवारी," गुरुजी म्हणाले. "दिवसभर."

"आणि शाळा?"

"शाळेत येतात ना. आल्या हायेत."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी रुमालानं चष्मा पुसला. "नेम मोडायला मी सांगणार नाही. पण ऐकल्याशिवाय मी ठरवू कसं? कोणीतरी वाचा."

"मी वाचते," विमल म्हणाली.

आणि तिनं बाईंचा कागद वाचला. बाईंना वाटलं होतं, ती पाट्या टाकल्यासारखं वाचेल. तसं झालं नाही. मोट आणि पाट तिच्या आवाजात पाण्यासारखे आले. 'मी मुलाला एकटे पडू देत नाही' म्हणताना ती जराशी थांबली, जिथं थांबायला हवं होतं तिथंच. आपले शब्द आपल्यापेक्षा हिच्या तोंडी शोभतात, हे बाईंनी ऐकलं, आणि आतापर्यंतच्या साऱ्यापेक्षा ते जास्त झोंबलं.

"छान लिहिलंय," साहेब म्हणाले. "पण बाई, तुमचा कागद म्हणतो अखंड बोलावं, आणि आज तर तुम्ही बोलतच नाही. मग आज वर्ग सुकला म्हणायचा की."

त्यांनी थट्टेनं म्हटलं. बाईंची मान खाली गेली, कारण त्यांनाही तसंच वाटत आलं होतं.

मग विमलनं आपला कागद वाचला. साहेब पुढं सरकून ऐकू लागले.

"हे कॉलेजात शिकवलं का तुम्हाला?"

"नाही साहेब."

"मग?"

विमलनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, वर्गात फळ्यावर चुकलं की हलवायच्या तशी. विमलनं ती पाहिली आणि तरी ती बोलली.

"हे माझं नाही साहेब. या बाईचं हाय. सोमवारी त्या बोलत नाहीत, तवा त्यायचं पाहून मी शिकली. त्यायनं लिहू दिलं नाही म्हणून नाव नाही टाकलं. आता तुमी तोंडानं इचारलं, तवा खोटं कसं बोलू?"

साहेब बाईंकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर आता वेगळाच आदर होता. "अहो बाई, मग हे तुमच्या कागदात का नाही? मी मोट-पाट वाचून तुम्हाला तिसरीत टाकणार होतो." ते गुरुजींना म्हणाले, "पहिली यांच्याकडेच राहू द्या. जिथून रीत निघाली तिथंच."

झालं होतं. पहिली राहिली होती. बाईंनी नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं हा तर त्यांचा नेमच होता. त्यांनी विमलकडे पाहिलं. विमलच्या तोंडावर वाईट वाटल्याचं काही नव्हतं. दिलं, आणि मोकळी झाली, अशी ती उभी होती. देणाऱ्याचा हात वर असतो. आता जन्मभर पहिलीत पाऊल टाकताना हा हात डोक्यावर असणार.

"नाही साहेब," बाई म्हणाल्या.

सकाळपासून मिटलेलं तोंड, त्यामुळे आवाज बसका निघाला. गुरुजींचा अडकित्ता थांबला.

"मी सोमवारी लेकरांसाठी गप्प बसत नाही. महादेवासाठी बसते. लेकरं तिकडं काय करतात, माझं ध्यान नसते. त्यायचा दिवस बुडाला समजून मंगळवारी मी भरून काढते. इतकी वर्षं डोळ्यापुढं होऊन राह्यलं, अन् मले दिसलं नाही. हिले फटीतून दिसलं. ज्याले दिसलं, त्याचं ते. पहिली हिलेच द्या."

"बाई, तुमचा नेम," गुरुजी हळूच म्हणाले.

"मोडला," बाई म्हणाल्या. "मले मालूम हाय."

साहेबांनी पुष्कळ वेळ चष्मा पुसला आणि मग विमलच्या नावापुढं पहिली लिहिली. जाताना ते गुरुजींना म्हणाले, फार मोठ्या मनाची बाई आहे. गुरुजींनी ते बाईंना येऊन सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मोठं मन कसलं? हिच्या हातचा चहा त्यांना नको होता, तशीच हिच्या हातची पहिलीही नको होती. एवढ्यासाठी त्यांनी महादेवाचा दिवस मोडला होता. पण बोलल्या ते मात्र खरं होतं, अक्षर न अक्षर. खोटं बोलून मोडला असता तर त्यांना दिवा लावायला हात उचलवला नसता.

दिवेलागणीला त्या गाईजवळ घास घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा उकंडराव मागून आले.

"गाव म्हणते, तू सकाळीच बोलली."

"बोलली."

"मग आता कसं?"

"पुढच्या श्रावणात पहिल्यापासून धरीन."

उकंडरावांनी गाईच्या पाठीवर थाप दिली. "तिसरीचे पोट्टे मोठे असतात. घरचं काही सांगतात तरी."

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्ग सोपवला. विमल आली तेव्हा पोरं रांगेनं बसली होती. बाई एकेकाजवळ थांबून सांगत गेल्या. याला लांबचं दिसत नाही, फळ्याजवळ बसव. ही डावखुरी, हिच्या हातावर मारू नको. हे दोघं चुलतभाऊ, घरं भांडलेली, शेजारी बसव म्हणजे बोलतील. हा भुकेला आला की झोपते, मधल्या सुटीपर्यंत त्याले इचारू नको. विमल ऐकत होती, एकेक पोर डोळ्यांनी धरून ठेवत होती.

"आणखी काही, बाई?"

"आणखी काही नाही."

होतं. रडणाऱ्या पोराचं काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. पोर पहिल्यांदा आईचा पदर सोडून आलं आणि रडायला लागलं की बाई दाराबाहेर काढलेल्या आपल्या चपला उचलून आणायच्या आणि त्याच्या पुढ्यात ठेवायच्या. म्हणायच्या, या राख. आईसारखी बाईही निघून जाईल, ही धास्ती पोराला असते. चपला आपल्याजवळ असल्या की बाई जाऊ शकत नाही. आणि राखायचं काम असलं की रडायला हात मोकळे राहत नाहीत. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, त्यांनी कागदावरही लिहिलं नव्हतं. एवढं एक त्यांनी पदरात बांधून ठेवलं.

तट्टा सरकला. मोठी बाजू पहिलीला गेली, लहान बाजूला तिसरी आली. आता पहिली तट्ट्यापलीकडे होती.

पोळा झाला त्या आठवड्यात भाऊसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आपली धाकटी लेक रुपली घेऊन आला. तिला वर्गात सोडून बाप गेला आणि रुपलीनं जो सूर लावला तो बाईंना वजाबाकी शिकवताना ऐकू आला. तिकडे विमलनं आधी गोष्ट सांगितली. मग गाणं म्हटलं. मग तिला कडेवर घेतलं असावं, कारण आवाज जागा बदलत होता. मग विमल गप्प बसली, आणि रुपली आणखी जोरानं रडू लागली.

बाईंना बरं वाटलं. खोटं कशाला म्हणावं, आतून ऊब यावी तसं बरं वाटलं. आता बस गप्प, त्या मनात म्हणाल्या. कर आता तुझी रीत.

त्यांनी फळ्यावर दुसरं उदाहरण लिहिलं. रडणं थांबलं नाही. थोड्या वेळानं त्याचा सूर बदलला. मोठा आवाज संपला आणि आतल्या आत ओढलेले आवंढे सुरू झाले. पोर दमलं की असं होतं. मग ते कोणाचंच ऐकत नाही, कोपऱ्यात जाऊन भिंतीला तोंड लावून बसतं, आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. बाईंनी अशी गेलेली पोरं पाहिली होती. तांड्यावरची तर गेली की परत येतच नाहीत.

बाईंनी खडू ठेवला. दाराबाहेरून आपल्या चपला उचलल्या आणि तट्ट्याला वळसा घालून पहिलीत गेल्या. रुपली भिंतीकडे तोंड करून बसली होती. विमल तिच्याजवळ उकिडवी, घामेजलेली, पातळाची इस्त्री गेलेली. बाई तिच्याकडे न पाहता खाली बसल्या आणि चपला रुपलीच्या मांडीवर ठेवल्या.

"माह्या हायेत. राखशील?"

रुपलीनं मान वळवली. चपलांकडे पाहिलं, मग बाईंच्या पायांकडे.

"मी येईपर्यंत कोणाले देजो नोको. या बाईले बी नाही."

रुपलीनं दोन्ही हातांनी चपला पोटाशी धरल्या. एक हुंदका आला, आणि दुसरा यायला वेळ लागला.

विमल उठून उभी राहिली. "हे तुमी सांगतलं नव्हतं, बाई."

"नाही सांगतलं," बाई म्हणाल्या आणि आपल्या वर्गात गेल्या.

मधल्या सुटीत त्या पाणी प्यायला विहिरीकडे निघाल्या. अंगणात घोट्याएवढा चिखल झाला होता, बाभळीचे काटे त्यात बुडालेले. बाई पदर सावरून, पाऊल जपत जाऊ लागल्या. गुरुजी ओट्यावर उभे होते.

"बाई, चपला कुठी गेल्या?"

"पहिलीत हायेत," बाई म्हणाल्या.